प्रकल्प नोंदी: बिलिंग ते त्रिउंड आणि परत

१९ सप्टेंबर, कामशेत

हिमाचलातली पॅराग्लायडिंगची पावसाळी उड्डाणबंदी (१५ जुलै ते १५ सप्टेंबर) उठली. झेलम एक्स्प्रेसची तिकिटं काढली, पुणे ते पठाणकोट कँट. चौघं जाणार: काका, डॉक्टर, नाशिककर आणि मी. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरचं अक्षर डॉक्टरचंच आहे आणि काकांना लिहायचा कंटाळा.

उद्दिष्ट: बिलिंगहून उडायचं, धौलाधारच्या पुढच्या रांगेवरून पश्चिमेला धरमशाळेच्या वरच्या त्रिउंडपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी हवेतूनच बीरला परतायचं. सरळ रेषेत एका बाजूचं अंतर साधारण ४३ किमी. एकेकट्याने हे अंतर दर हंगामात कितीतरी लोक कापतात, त्यात नवल नाही. आम्हाला ते चौघांनी मिळून, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहून करायचं आहे. अवघड भाग तो आहे.

२८ सप्टेंबर, कामशेत

शिंदेवाडीच्या बाजूला गवत अजून गुडघाभर आणि ओलं. तरी दोन तास ग्राउंड हँडलिंग (जमिनीवर उभं राहून पंख सांभाळायचा सराव) झालं. काकांचं ग्लायडर डोक्यावर यायला वेळ लावतंय. पावसाळ्यात दोऱ्या आखडल्या असणार. मागच्या ओळीतल्या दोऱ्यांवर भार कमी येतो, त्यामुळे ताणल्या जाऊन पूर्ववत होण्याची संधी त्यांना मिळत नाही. दोन-चार सेंटिमीटरच्या फरकानेसुद्धा ग्लायडर सुस्त होतं. मोजणीसाठी पाठवलं.

चौघांचे रिझर्व्ह (आणीबाणीची पॅराशूट) उलगडून, दोन दिवस सावलीत टांगून पुन्हा घडी घातले. त्याआधी प्रत्येकाला हार्नेसमध्ये (बसायच्या पट्ट्यांच्या खोगिरात) लटकवून स्वतःच्या हाताने रिझर्व्ह ओढायला लावलं. वर्षभर बंद राहिलेलं वेल्क्रो किती घट्ट बसतं ते अशा वेळी कळतं. नाशिककरने दुसऱ्या झटक्यात काढला. काकांनी पहिल्याच झटक्यात काढून तो थेट चहाच्या टेबलावर फेकला.

५ ऑक्टोबर, पुणे

डॉक्टरच्या घरी नकाशा पसरून बसलो. तीन ग्लायडर ईएन-बी, डॉक्टरचं ईएन-सी (सुरक्षा-चाचणीचे वर्ग; सी जास्त वेगवान, पण सांभाळायला अवघड). चौघांचा वेग सारखा नाही हे आधीच मान्य करून टाकलं.

ग्लाइडचा हिशोब. ईएन-बी पंखाचा कागदावरचा ग्लाइड ९ धरला तर १००० मीटर उंचीत ९ किमी. आपला हवेतला वेग ताशी ३८ किमी. समोरून ताशी १० किमीचा वारा आला की जमिनीवरचा वेग २८ उरतो आणि तेच ९ किमी साडेसहावर येतात. वाटेत सिंक (खाली जाणारी हवा) लागणारच, म्हणून नियोजनासाठी ५ धरायचे. नाशिककरच्या मते हा आकडा घाबरट आहे. काका म्हणाले, "असू दे घाबरट. उतरल्यावर शूर हो."

धौलाधारमधून खाली येणाऱ्या नद्यांना तिकडे खड्ड म्हणतात. बिनवा, नेउगल, बाणेर. प्रत्येक खड्डीपाशी रांग तुटते आणि दरी ओलांडावी लागते. नियम: ओलांडण्याआधी चौघंही ढगाच्या तळाजवळ हवेत. एखादा खाली असेल तर बाकीचे थांबतील.

दुसरा नियम: १३:१५ला वळायचं, जिथे असू तिथून. त्रिउंड समोर दिसत असलं तरी. घड्याळ बघून वळायचं, उंची बघून नाही. ही माझी अट होती आणि ती जमिनीवर लिहून घेतली, कारण ३५०० मीटरवर वाद घालता येत नाहीत.

तिसरा: कोणी खाली उतरलाच तर 'उतरलो, ठीक' हा निरोप मिळेपर्यंत उरलेल्यांनी त्या भागातून हलायचं नाही. यावर कोणाचीच हरकत नव्हती. (ही ओळ मुद्दाम लिहून ठेवतो आहे.)

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. म्हणजे भरवसा वॉकी-टॉकी आणि मोबाइलवर. पुढच्या रांगेवर मोबाइलला बऱ्यापैकी रेंज असते. मागे, मुख्य कण्याकडे गेलं की काहीच नाही. वरच्या कड्यांवर उतरलेल्या पायलटांचा शोध अनेक दिवस चालल्याची उदाहरणं आहेत. म्हणून चौथा नियम: मागच्या रांगेत कोणी जायचं नाही, थर्मल (वर जाणारी गरम हवा) कितीही खुणावत असलं तरी.

१७ ऑक्टोबर, बीर

पोचलो. झेलम उशिरा, पठाणकोटहून बस, प्रत्येकाच्या पाठीवर वीस-एक किलोचं गाठोडं. साडाच्या (तिथलं विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण) कार्यालयात नोंदणी केली, परवाने आणि विमा दाखवला. हेलिकॉप्टर-बचाव विम्यात आहे का, हे काकांनी कागद उलटेपालटे करून तीनदा विचारलं.

१९ ऑक्टोबर, बीर

बीरहून बिलिंग रस्त्याने १४ किमी, जीपने. टेक ऑफ साधारण २४०० मीटरवर, उतरायचं मैदान १४०० च्या आसपास. एवढा हजार मीटरचा उतार आपल्याकडे रोजच्या उडण्याला कुठून मिळणार? पण सकाळी दहालाच टँडमवाल्यांची (पर्यटकांना सोबत घेऊन उडणाऱ्यांची) रांग लागते. टेक ऑफवर ग्लायडर पसरायचं, तपासायचं आणि हवेत जायचं. कोणी वाट बघत नाही.

आज फक्त ओळख. बिलिंगच्या पाठीमागचं शिखर, सगळे ज्याला 'थ्री सिक्स्टी' म्हणतात, तिथे चढायचं आणि परत यायचं. थर्मल अरुंद आणि ताठ, व्हॅरिओवर (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्रावर) सेकंदाला ४ मीटर. सह्याद्रीत आपण पसरट, आळशी थर्मलमध्ये मोठी वर्तुळं घेतो. इथे तसं केलं की दर वर्तुळात एकदा बाहेर पडतो. डॉक्टरने सर्वांत आधी वळण आवळलं आणि आम्हा तिघांच्या वरून निघून गेली.

२१ ऑक्टोबर, बीर

वरच्या हवेत पश्चिमेचा जोर. उडालो नाही. बैजनाथचं देऊळ पाहिलं; शिलालेखातलं साल १२०४. देवळामागे बिनवा खड्ड. काका खालून वर दरीचं तोंड बघत बराच वेळ उभे. "वरून अरुंद वाटेल," म्हणाले.

२३ ऑक्टोबर, बीर

उद्याचा अंदाज. बीरला दुपारी २४ अंश, दवबिंदू ६. फरक १८, अंशामागे १२५ मीटर धरून बीरच्या वर २२५० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून ढगाचा तळ ३६५० च्या आसपास. तिथे तापमान दोन-तीन अंश, जाड हातमोजे हवेत. वरचा वारा मंद. दुपारनंतर मुख्य शिखरांवर ढग वाढतील, पाऊस नाही. सूर्यास्त पावणेसहाच्या आत.

उद्या.

२४ ऑक्टोबर, बीर

१०:४०ला काका हवेत. मग नाशिककर, मी, शेवटी डॉक्टर (तिला मुद्दाम मागे ठेवलं, तिचं ग्लायडर वेगवान, ती गाठते). थ्री सिक्स्टीवर सुरुवातीला नुसती घुसळण. उन्हाला जोर नव्हता, थर्मल तुटक. २६०० वर बराच वेळ घासत राहिलो. मग बिलिंगच्या पूर्वेकडच्या सोंडेवर चार-पाच हिमालयी गिधाडं वर जाताना दिसली. त्यांच्याखाली जाऊन बसलो. अडीच मीटरहून जास्त पंखविस्ताराचा पक्षी पंख न हलवता आपल्या वर्तुळात येतो, आपल्याकडे मान वळवून बघतो आणि वळण थोडं आवळतो. मग आपणही आवळतो. ११:१५ला चौघं ३३०० वर.

पश्चिमेला निघालो. चौघं आडव्या रेषेत, मध्ये शंभर-दीडशे मीटर. एकामागोमाग उडाल्यास पुढच्याला सिंक लागली की सगळ्यांनाच लागते. आडवं पसरलं की चौघांपैकी कोणाला तरी वर जाणारी हवा सापडते आणि बाकीचे त्याच्याकडे वळतात. पहिला ज्या दिशेने फिरेल त्याच दिशेने सगळे. वॉकी-टॉकीवर बोलणं जवळपास नाहीच, पंख वळलेला दिसतो.

जाताना डोंगर उजव्या हाताला. नियमाप्रमाणे ज्याच्या उजवीकडे उतार त्याचा हक्क, समोरून येणाऱ्याने बाहेर सरकायचं. त्यामुळे सोंडांना अगदी चिकटून जाता आलं. खाली बानची (हिमालयी ओकची) जंगलं, त्यावर पिवळं पडलेलं गवत. एका धारेवर गद्दी मेंढपाळांचा कळप खाली निघालेला. या दिवसांत ते उंचावरची कुरणं सोडून खिंडींतून खाली येतात. मेंढ्या ओळीने, पुढे-मागे कुत्री. नाशिककर वॉकी-टॉकीवर "धनगर!" एवढंच ओरडला.

बिनवा खड्ड ११:४०ला ओलांडली. काकांचा अंदाज खरा निघाला: वरून अरुंद वाटते, मध्यावर गेलं की संपत नाही. पलीकडे ४०० मीटर गमावून पोचलो.

इथून पुढची अडचण लिहून ठेवण्यासारखी. सकाळचं ऊन सोंडांच्या पूर्व आणि आग्नेय बाजूंवर पडतं, म्हणजे थर्मल तिथून निघतं. पण दरीतला वारा पश्चिमेकडून येतोय, म्हणजे तीच बाजू वाऱ्याच्या आडोशाला. थर्मल आहे, पण ते सोंडेवरून उलटून आलेल्या वाऱ्याशी मारामारी करत वर येतं. पंखाचं टोक दुमडणं, सुटणं, हार्नेसला झटका, पुन्हा वर. प्रत्येक सोंडेवर हेच. काकांचा उजवा भाग एकदा चांगलाच मिटला; त्यांनी वजन डावीकडे टाकून दिशा धरली आणि पंख आपोआप उघडला. त्यांचा पंख मिटलेला मला दिसला तेव्हा ते 'हरी हरी' म्हणत होते, हे संध्याकाळी कळलं.

१२:२० नेउगल खड्ड, खाली पालमपूरचे चहाचे मळे. ओलांडण्याआधी थांबलो. डॉक्टर ३६०० वर, मी आणि काका ३४०० च्या आसपास, नाशिककर २७००. तो सोंडेच्या खालच्या टप्प्यावर एका कमकुवत थर्मलमध्ये अडकला होता. आम्ही वर फिरत राहिलो. तो वर-खाली करत २५०० वर आला, मग शेवटी दरीकडे वळला. वॉकी-टॉकीवर: "जातो खाली. शेतं दिसतायत." भातकापणी झालेली, शेतं मोकळी. पंख लहान होत गेला आणि एका सोंडेआड दिसेनासा झाला.

इथे थांबलो. वॉकी-टॉकीला सोंड आडवी आली, त्याचा आवाज नाही. आम्ही तिघं त्या धारेवर फिरत. डॉक्टरच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या वर्तुळांवरून कळत होतं: दर वर्तुळात ती थोडी पश्चिमेकडे सरकायची आणि पुन्हा परत यायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ढग आमच्या मागे मुख्य शिखरांवर जमायला लागले. मी एका हाताने ब्रेक (पंख वळवायच्या दोऱ्या) धरून मोबाइलकडे बघत होतो, पडद्यावर ऊन, काही दिसत नाही. १२:४०ला निरोप: 'उतरलो ठीक. चहा मिळाला.'

निघालो. नेउगलच्या पलीकडे आज कधी नव्हे ती उदार हवा. उंची टिकली, काकांनी वेग वाढवायला पायाखालचा स्पीड बार दाबला. १३:०२ला हिमानी चामुंडाच्या देवळाची धार पायाखाली. बिलिंगपासून तीस किमीच्या पुढे. भिंतीसारखा धौलाधार उजवीकडे, डावीकडे कांगड्याची दरी मैदानापर्यंत उतरत गेलेली. समोर त्रिउंडचा हिरवट सपाट माथा, त्यावर तंबूंचे ठिपके.

१३:१५. त्रिउंड सात-एक किमी. आम्ही तिघंही ३५०० च्या वर, पुढच्या सोंडेवर ढगाचा ताजा पुंजका, खाली घट्ट राखाडी तळ. याहून चांगली वेळ मिळत नाही. मी वॉकी-टॉकी दाबला: "सव्वा." उत्तर नाही. मग काकांचा पंख वळला. मग माझा. डॉक्टर आणखी थोडी पुढे गेली, आणि वळली.

परतीची वाट सोपी असते, आणि ढग-उन्हाच्या दृष्टीने धोका तिथेच आहे. दुपारचं ऊन नैऋत्य उतारांवर, वाराही त्याच बाजूने. आता थर्मल आणि वारा एकाच अंगाला. शिवाय वारा पाठीशी, जमिनीवरचा वेग ताशी ५० च्या पुढे. जाताना तासभर झगडून कापलेलं अंतर अर्ध्या वेळात मागे पडतं. म्हणून लोक म्हणतात, परत येणं सोपं आहे, अजून थोडं पुढे जाऊ. पण ढग पसरले की ते सोपे उतार सावलीत जातात आणि मग पाठीवरचा वारासुद्धा तुम्हाला खाली जाण्यापासून वाचवत नाही. आज १४:१०पर्यंत मुख्य शिखरं झाकली गेली आणि सावली धारेच्या खालपर्यंत सरकली. नेउगल आम्ही त्याआधी ओलांडली होती. बिनवा ओलांडताना उजेड-सावलीची हद्द आमच्या अगदी बाजूला होती. आणखी वीस मिनिटं उशीर असता तर बैजनाथच्या शेतात उतरलो असतो, असं माझं मत. डॉक्टरचं मत वेगळं आहे, ते उद्याच्या नोंदीत येईल.

परतताना डोंगर डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याला वाट आपण द्यायची. बिलिंगच्या जवळ टँडमची एवढी गर्दी की सोंड सोडून दरीवर आलो. मैदानावर उंची शिल्लक. कान ओढले (लवकर उतरायला पंखाची टोकं दुमडली), मोठ्या वर्तुळांत खाली. १५:२० काका, मागोमाग डॉक्टर, मग मी. बोटं इतकी गारठलेली की हार्नेसची कडी उघडेना.

नाशिककर सहानंतर आला. पालमपूरहून बैजनाथपर्यंत हिमाचल परिवहनच्या बसने, ग्लायडर टपावर, पुढे टॅक्सी. ज्या शेतात उतरला त्यांच्या घरी चहा, मग जेवण, मग शेतात उभं राहून फोटो. "तुम्ही सव्वाला वळलात?" हा पहिला प्रश्न. दुसरा: "माझ्यामुळे?"

२५ ऑक्टोबर, बीर

ट्रॅकलॉग (जीपीएसवरच्या उड्डाणाच्या नोंदी) उतरवले. वळणबिंदू ३६ किमीवर, म्हणजे जाऊन-येऊन ७२. नेउगलला पहिल्या वर्तुळापासून निरोप येईपर्यंत १९ मिनिटं. त्या दिवसाच्या वेगाने १९ मिनिटांत सहा-सात किमी होतात. हे गणित सगळ्यांना दिसलं, मोठ्याने कोणी केलं नाही. शेवटी नाशिककरनेच केलं.

वाद झाला, चांगला तासभर. डॉक्टर: १३:१५ हा आकडा कागदावरचा, तळ ३६०० होता आणि पुढचा ढग ताजा होता, वीस मिनिटांत त्रिउंड झालं असतं. मी: झालं असतं, आणि बिनवा सावलीत आली असती. तिने स्वतःचा लॉग उघडून दाखवला, बिनवावर तिच्याकडे ३३०० होते. सावलीतसुद्धा ओलांडली असती. खरं आहे, तिच्या पंखाने. काकांच्या पंखाने नाही. ती गप्प झाली, पण पटलं म्हणून नव्हे.

नाशिककरचा मुद्दा वेगळा आणि मला जास्त अडचणीचा: निरोप मिळेपर्यंत थांबायचा नियमच चूक. तो सुरक्षित होता, शेतं मोकळी होती, खाली जाताना त्याने तसं सांगितलंही होतं. तिघांनी त्याच्यासाठी दिवस घालवला याचं त्याला ओझं वाटतंय आणि पुढच्या वेळी हे ओझं नको म्हणून तो खाली असतानाही वर आहे असं भासवेल, असं तो सरळ म्हणाला. हे मी विचारात घेतलं नव्हतं. नियम सुरक्षिततेसाठी, आणि नियमामुळेच माणूस खोटं बोलायला लागला तर?

काका मात्र ठाम: निरोपाशिवाय हलायचं नाही. "उतरताना तारेत अडकला असतास तर?"

निकाल लागला नाही. चहा तीनदा झाला.

२७ ऑक्टोबर, बीर

वारा जोरात. डॉक्टरने एकटीने पूर्वेला जोगिंदरनगरकडे छोटी फेरी मारली. काकांनी गाव हिंडून तिबेटी वसाहतीत थुक्पा शोधला. परतीची तिकिटं उद्याची.

९ नोव्हेंबर, पुणे

काकांचं ग्लायडर पुन्हा मोजून आणलं. मागच्या ओळी परत थोड्या आखडल्यात. पुढच्या हंगामाआधी दोरी-संच बदलायचा. माझ्या वॉकी-टॉकीची बॅटरी थंडीत लवकर बसली, जास्तीची ठेवायची. डॉक्टरने तिच्या आणि काकांच्या ग्लाइडची तुलना करून तक्ता पाठवला: सिंकमध्ये फरक कागदापेक्षा जास्त. तक्त्याखाली एक ओळ: 'तुझं सावलीचं म्हणणं काकांपुरतं मान्य.'

१४ डिसेंबर, कामशेत

नियम नव्याने लिहिले. चौघांऐवजी दोन जोड्या: डॉक्टर-नाशिककर आणि काका-मी. वेगही जवळपास जुळतात (नाशिककर तोपर्यंत नवं ईएन-सी घेणार म्हणतो, घरी अजून सांगितलेलं नाही). कोणी उतरला तर त्याचा जोडीदार थांबेल, दुसरी जोडी पुढे जाईल. उतरायचं ठरलं की पंख सोंडेआड जायच्या आत शेताचं ठिकाण वॉकी-टॉकीवर सांगायचं. वळायची वेळ प्रत्येक जोडीची वेगळी. आमची १३:१५च, त्यांची १३:३५. डॉक्टरला १३:४५ हवी होती.

काकांनी सही करण्याआधी विचारलं, आपल्या जोडीत उतरणारा नेहमी तेच का गृहीत धरलंय. गृहीत धरलेलं नाही, असं सांगितलं. त्यांनी सही केली आणि संध्याकाळच्या वाऱ्यासाठी ग्लायडर उलगडायला गेले.